देवाचो उजवो

माझ्या नातवंडांनो,

परवा फोनवर थोरलीनं विचारलं, "आजी, तुझा गुरू कोण?" तिच्या तिकडच्या ध्यानवर्गात प्रत्येकाला हे सांगायचं होतं म्हणे. मी "कुकरची शिट्टी झाली" म्हणून फोन ठेवला. कुकर लावलेलाच नव्हता. ते खोटं चार दिवस टोचतंय. म्हणून लिहिते.

मी चौदा वर्षांची होते. आचऱ्याच्या बाजूला आमचं गाव. देवळाच्या पायरीखाली मी उभी होते आणि वर मंडपातून गावकार, म्हणजे देवळाचे पहिले मानकरी, म्हणाले, "पागणाऱ्याच्या चेडवाक ब्रह्मज्ञान व्हया? आदी हातांचो वास धू गो, मगे ये!"

मंडप हसला.

चेडू म्हणजे मुलगी, आणि पागणारा म्हणजे पाग, फेकायचं जाळं, टाकून मासे मारणारा. तो माझा बाप. माझ्या मागेच उभा होता. हसत होता.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. मी गावच्या इंग्रजी शाळेत आठवीत होते. त्या मार्गशीर्षात देवळात एक स्वामी उतरले होते. संध्याकाळी प्रवचन करायचे. आम्ही खाली, अंगणात बसायचो. एकदा ते म्हणाले, "देहाच्या मागे, मनाच्या मागे, सगळं बघणारा एक आहे. तो साक्षी. तो तुम्हीच." माझ्या अंगावर काटा आला. मासळी निवडताना, गणितं सोडवताना मी तेच घोकत राहिले. बघणारा कोण? पहाटे स्वामी काही जणांना समोर बसवून शिकवत. मलाही बसायचं होतं. एवढंच मी मागितलं.

स्वामी म्हणाले, "गावाची रीत असेल ती विचारा."

हसू ओसरल्यावर गावकारांनी कौल लावायला सांगितला. तुम्ही कौल पाहिलेला नाही; नवी होडी पाण्यात ढकलायची तरी आमच्याकडे आधी तो लावतात. देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आणि उजवी म्हणजे देवाची उजवी, बघणाऱ्याची नव्हे. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

गुरवानं पाकळ्या लावल्या. मी खालून मान उंच करून बघत होते. देवाच्या उजव्या खांद्यावरची पाकळी हलली. घसरली. पडली.

गुरवानं गावकारांकडे पाहिलं.

"डावो," गावकार म्हणाले. "देवान नाय म्हटल्यान."

मग त्यांनी हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या चेडवान आपली पायरी सोडल्यान. तेची चूक पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

गाऱ्हाण्याला सगळ्यांनी असंच म्हणायचं असतं. मीही लहानपणापासून म्हणत आले होते. पण त्या दिवशी त्या सगळ्या आवाजांतला एक आवाज माझ्या कानाच्या अगदी मागे होता. खणखणीत. बाबांचा.

"नाय म्हाराजा," मी म्हटलं.

पहिल्यांदा तोंडातून वाराच आला नुसता. म्हणून पुन्हा म्हटलं. मोठ्यानं. "नाय म्हाराजा! आमच्या होडयेच्या कौलाक तुम्ही देवाचो उजवो धरलात. आज तो डावो कसो?"

कोणी हसलं नाही. मी स्वामींकडे पाहिलं. ते पाषाणाच्या सगळ्यांत जवळ बसले होते. पाकळी पडताना त्यांचे डोळे तिच्यावर होते. त्यांनी भगवी छाटी सावरली आणि म्हणाले, "गावाची रीत गावाला ठाऊक, बाळ."

साक्षी शिकवणाऱ्यानं साक्ष दिली नाही.

घरी जाताना माडांखाली आल्यावर बाबा थांबले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "माका दिसला गो. उजवीच पडली."

"मगे व्हय कित्याक म्हटलास?"

"तोंडातसून आपसूक येता," ते म्हणाले. आणि रडले. माझ्या बापाला मी तेव्हा पहिल्यांदा रडताना पाहिलं. समजूत घालायची सोडून मी पुढे चालत गेले. ते अजून डाचतं.

मी शिकले, मालवणात इंग्रजी शिकवायला लागले. साठचं दशक संपता संपता बाबा तापानं आजारी पडले. शेवटी शेवटी त्यांना माणूस ओळखू येईना. मी विचारायचे, "बाबा, पाणी व्हया?"

"व्हय म्हाराजा."

"खंय दुखता?"

"व्हय म्हाराजा."

मला! पोटच्या पोरीला! डोळे मिटलेले, हात जोडायला धडपडणारे. त्यांच्या आत त्या शब्दांखेरीज काहीच उरलं नव्हतं. अजूनही पहाटे जाग येते ती त्या आवाजानं. कधी कधी मी उत्तर द्यायला तोंड उघडते.

तशा एका पहाटे, बाबा गेल्यानंतर, मी उठून भिंतीला टेकून बसले. जप नाही, फोटो नाही. एकच प्रश्न. पाकळी पडताना कोणी पाहिली? गावकारांना उजव्याचं डावं करता आलं. बाबांच्या तोंडात त्यांना आपला शब्द ठेवता आला. माझ्या तोंडातही जवळजवळ ठेवलाच होता. पण पाहणं बदलता आलं नाही. ते कोणाच्या मानाचं नव्हतं, कोणाच्या रीतीचं नव्हतं. त्याला वास नव्हता. मी तिथे बसायला शिकले. वर्षं लागली. उजेडबिजेड काही दिसला नाही. भीती मात्र हळूहळू कमी झाली. बाबांचा आवाज गेला नाही.

तर थोरले, तुझ्या वर्गात सांग, आजीला गुरू नव्हता. तिनं पुन्हा कोणाला विचारलं नाही, मी बसू का म्हणून. विचारणारही नाही. आणि तुझ्या डोळ्यांसमोर पडलेली पाकळी कोणी डावी म्हटली, तो कितीही मोठा असो, तर तू व्हय म्हणू नकोस. सगळे म्हणाले तरी. मी म्हटलं तरी.

गावकारांचं घर आता बंद असतं. बाबांची होडी कधीच सरपणाला गेली. पाषाण आहे तिथेच आहे, आणि त्याचा उजवा खांदा कुठला ते मला ठाऊक आहे.