अळणी भात

कुत्री भिंतीला डोकं लावून उभी होती. हॉलच्या कोपऱ्यात, टीव्हीच्या टेबलाशेजारी. आधी मला वाटलं, काहीतरी हुंगत असेल. हाक मारली, तर कानही हलला नाही. जवळ जाऊन बघितलं, तेव्हा तोंडातून लाळेची तार लोंबत होती आणि ती डोक्याने भिंत ढकलत होती. मागचे पाय थरथरत होते. मी तिचं तोंड माझ्याकडे वळवलं. डोळे उघडे होते, पण तिने मला ओळखलं नाही.

"बाबा," मी ओरडले, "हिला काय खायला दिलंत?"

सासरे बाल्कनीत बसले होते. भिंतीचा आधार घेत ते आत आले. तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मना काय ठावं? मी काय नाय दिला."

माझा विश्वास बसला नाही.

सासरे सोनिवलीचे. शेती गेली, तिथे बिल्डिंगा उभ्या राहिल्या, आणि आम्ही जवळच्याच शहरात, हेंद्रेपाड्यात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या. बाबा गाव सोडायला तयार नव्हते. शेवटी एवढंच म्हणाले, "ही येनार असंल तं मी येन." ही म्हणजे ही पिवळट रंगाची, एक कान मोडलेली कुत्री. शेतावर ती त्यांच्या मागे मागे वाढली होती. ते जेवायला बसले की ती समोर बसायची आणि ताटातला शेवटचा घास तिचा. बोंबलाचं डोकं, मटणाचं हाड, रश्शात कालवलेला भात. दहा वर्षं हा नेम चालला होता आणि त्यात कोणाला काही वावगं वाटलं नव्हतं.

मग तिने खाणं टाकलं. डोळ्यांच्या कडा हळदीसारख्या पिवळ्या दिसायला लागल्या. कोणीतरी सांगितलं म्हणून उल्हासनगरला, कॅम्प दोन या वस्तीतल्या एका डॉक्टरांकडे नेलं. शटरच्या दुकानांच्या रांगेतच त्यांचा दवाखाना. डॉक्टर सिंधी, पन्नाशीचे, हिंदी आणि मराठी एकाच वाक्यात बोलणारे. रक्त तपासलं, सोनोग्राफी केली आणि मला समोर बसवून म्हणाले, "लिव्हर थक गया है, भाभी. पूरा ठीक नहीं होगा. पण सांभाळलं तर जगेल. आणि सांभाळायचं म्हणजे खाणं सांभाळायचं."

त्यांनी मला नीट समजावलं. खाल्लेल्यातून जे विष तयार होतं ते लिव्हर साफ करतं. हिचं लिव्हर आता ते करू शकत नाही. विष डोक्यात चढलं की ती भ्रमिष्टासारखी वागेल, गोल गोल फिरेल, भिंतीला डोकं लावेल. म्हणून मटण बंद, मासळी बंद, मीठ बंद. मऊ भात, लाल भोपळा, दुधी, थोडंसं पनीर. तेही दिवसातून पाच वेळा, थोडं थोडं. आणि एक गोड, घट्ट औषध, रोज तीन वेळा एकेक झाकण. पोट साफ राहिलं की विष आत साठत नाही.

"सबसे इम्पॉर्टंट ये है," बाटली माझ्या हातात देत ते म्हणाले होते. "भात एखाद वेळी चुकला तर चालेल. हे चुकायला नको."

मी अंबरनाथला एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. कामाची शिस्त मला आवडते. फ्रिजवर तक्ता लावला. पहाटे उठून तिचा अळणी भात शिजवायचा, भोपळा कुस्करायचा, पाच डब्यांत भरायचा. सकाळचे आणि संध्याकाळचे डबे माझे. दुपारचे दोन बाबांचे, कारण मी साडेपाचशिवाय घरी येत नसे आणि नवरा अंबरनाथच्या कंपनीत पाळीने कामाला. बाबांना मी बजावून ठेवलं होतं, "तुमच्या ताटातलं एक शीतसुद्धा द्यायचं नाही."

ते मान हलवायचे. पण मला संशय होता, आणि त्याला कारणही होतं. बाबांच्या दुपारच्या डब्यात मी मासळीचं कालवण ठेवून जायची. संध्याकाळी डबा घासूनपुसून ठेवलेला असायचा, पण कचऱ्याच्या डब्यात एक काटा दिसायचा नाही. काटे गेले कुठे? दुसरं कोण खाणार?

म्हणून त्या संध्याकाळी, ती भिंतीला डोकं लावून उभी असताना, मी बाबांना विचारलं नव्हतं. मी त्यांना पकडलं होतं.

नवरा कामावर होता. चादरीत गुंडाळून मी तिला उचललं आणि खाली आणलं. दोन रिक्षावाले कुत्री बघून निघून गेले. तिसऱ्याने विचारलं, "काटेगी क्या?" "नाही हो, तिला शुद्धच कुठे आहे," म्हटल्यावर त्याने बसू दिलं. बाबाही येतो म्हणाले. मी म्हटलं, "तुम्ही राहा घरी." कशी म्हणाले असेन ते मला माहीत आहे.

अंबरनाथला रिक्षा अडकली. पुढे ट्रक, बाजूला ट्रक. माझ्या मांडीवर तिचे पाय वल्हवल्यासारखे हलत होते आणि जबडा आवळला जात होता. मी तिच्या बरगड्यांवर हात ठेवून श्वास मोजत होते. मध्येच एक श्वास यायला उशीर झाला, तर माझाही थांबला. रिक्षावाल्याने एकदा मागे वळून बघितलं आणि मग कुठल्या कुठल्या गल्ल्यांतून रिक्षा काढली ते मला आजही सांगता येणार नाही.

डॉक्टरांनी तिला टेबलावर घेतलं. सलाईन लावलं, एनिमा दिला. पाऊण तासाने तिने डोळे फिरवले आणि माझ्या हाताचा वास घेतला. तेव्हा कुठे मी स्टुलावर बसले.

"क्या खाया इसने?" डॉक्टरांनी विचारलं.

"सासरे देत असणार काहीतरी."

"और दवा? पूरा देते हो ना? तीन झाकण?"

"हो," मी म्हटलं.

ते खोटं होतं.

त्या औषधाने तिला दिवसातून तीन-चार वेळा पातळ व्हायचं. मी घरी नसताना हॉलमध्येच व्हायचं. बाबांचे गुडघे गेलेले. त्यांना वाकता येणार नाही, हे मीच ठरवून टाकलं होतं. संध्याकाळी दमून दार उघडलं की आधी वास यायचा. शेजारीण एकदा जिन्यात म्हणाली, "तुमच्या घराचा वास आमच्या देवघरापर्यंत येतो हां." त्याच आठवड्यात मी एका झाकणाचं अर्धं केलं. पोट जरा बांधलं गेलं, मला बरं वाटलं. मग दुपारचं बंदच केलं. बाबांना म्हटलं, डॉक्टरांनीच दुपारचं नको म्हणून सांगितलंय. खरं कोणाला सांगितलं नाही. पोट बांधलं जाणं ही चांगलीच गोष्ट आहे, असं मी स्वतःला पटवलं होतं. आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडातून 'हो' इतक्या पटकन निघालं, की क्षणभर ते मलाही खरं वाटलं.

घरी आले तेव्हा बाबा दारातच उभे होते.

"कशी हाय?"

"वाचली. तुमच्या लाडापायी मेली असती आज." त्यावर न थांबता मी पुढेही बोलले. "म्हातारपणी जिभेवर ताबा नाही, तो निदान हातावर तरी ठेवा."

त्या दिवसापासून बाबांनी माझ्यासमोर जेवायला बसणं सोडलं. ताट घेऊन बाल्कनीत जायचे आणि दार ओढून घ्यायचे. कुत्री दाराच्या या बाजूला बसून राहायची. नवऱ्याने विचारलं, "काय झालंय?" मी म्हटलं, "काही नाही."

चौथ्या दिवशी शाळेतली परीक्षा लवकर आटोपली आणि मी दीडलाच घरी आले. किल्लीने दार उघडलं. बाबा हॉलमध्ये जमिनीवर बसले होते. पाय मुडपत नव्हते म्हणून समोर पसरलेले, पाठीला उशी. मांडीशी तिचा डबा, आणि एका ताटलीत त्यातलाच भात. दार उघडल्याचं त्यांना कळलं नाही, ऐकायला कमी येतं त्यांना. त्यांनी त्या पिवळ्या, बेचव भाताचा घास स्वतःच्या तोंडात घातला आणि मोठमोठ्याने चावून गिळला.

"बग," ते तिला म्हणाले, "खाल्ला मी. आता तू खा."

तिने मान फिरवली. त्यांनी अजून एक घास खाल्ला. मग बोटांवर थोडा भात घेऊन तिच्यासमोर धरला. ती बघत राहिली आणि चाटायला लागली.

मी पर्स हातात घेऊन तशीच उभी होते. शेवटी त्यांची मान वळली.

"तू कवा आयलीस?" ते दचकले. चोरी पकडल्यासारखे.

"बाबा, हे काय करताय?"

"हिला अलनी जात नाय. नुसता डबा ठेवला तं तोंड फिरवते. माज्या ताटातला हाय असा वाटला तं खाते." ताटली बाजूला सरकवत ते म्हणाले, "म्हून मी बी ह्योच खातंय."

"किती दिवस?"

"सुरवातीपासना."

"आणि कालवण? तुमचा डबा?"

"वॉचमनला देतंय खाली. त्याचा घरवाला कोन नाय इथं. माजा पोट भरते ना ह्या भातान."

दोन महिने. मासळीशिवाय ज्यांचा घास उतरत नव्हता, ते दोन महिने दुपारी बिनमिठाचा भोपळाभात खात होते. ते का बोलले नाहीत, मला समजेना. मग समजलं. मी विचारलंच कुठे होतं?

आणि लगेच दुसरी गोष्ट लक्षात आली. घरात तिला कोणी काहीच दिलं नव्हतं. मग ती भिंतीला डोकं लावून का उभी होती?

स्वयंपाकघरात जाऊन मी बाटली काढली. एव्हाना दुसरी बाटली संपायला हवी होती. माझ्या हातात पहिलीच होती, आणि तिच्या तळाशी अजून औषध होतं. ओट्याला टेकून मी डॉक्टरांना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं.

"भाभी," ते म्हणाले, "हे त्याच दिवशी सांगायचं होतं. मी समजलो खाण्यात गडबड आहे. मैं उसका पनीर भी बंद करनेवाला था. वो भूख से जाती." मग आवाज खाली आणून म्हणाले, "अभी दो. पूरा. सुबह तक पेट साफ नहीं हुआ तो लेके आओ."

मी बाहेर आले. बाबांना सांगताना त्यांच्याकडे बघता येईना, म्हणून तिच्याकडे बघत सांगितलं. अर्धं झाकण, दुपारचं बंद, डॉक्टरांशी खोटं, त्यांच्याशीही खोटं. आणि मग, "मी तुम्हाला नाही नाही ते बोलले. चुकलं माझं."

बाबांनी गुडघ्यावर हात दाबला. त्यांना राग आला होता, गालाचं हाड हलताना दिसत होतं.

"घान काडायची व्हती तं मना सांगायचा," ते म्हणाले. "गुरांचा शेन काडलाय जल्मभर. हिचा काय जड व्हता मना?"

मी बाटली हातात घेऊन उभी होते.

"दे आता झाकनभर," ते म्हणाले. "उगाच उबी राहू नको."

त्या दिवशी औषध गेलं, पण पोट हललं नाही. संध्याकाळी ती पुन्हा गोल फिरायला लागली, टेबलाच्या पायाला अडकली आणि तिथेच उभी राहिली. सकाळी सातला मी शाळेत फोन करून रजा टाकली. नवरा पाळीवरून आला होता. त्याला चपला काढू न देता म्हटलं, "रिक्षा बघ, उल्हासनगरला जायचंय." बाबा तिच्या पोटावरून कोमट हात फिरवत होते, काहीतरी पुटपुटत होते. नवरा जिन्यातच असेल, तेवढ्यात ती धडपडत उठली, चार पावलं चालली आणि माझ्या धुतलेल्या पायपुसण्यावर भडाभडा मोकळी झाली.

"झाली! झाली!" बाबा ओरडले. लग्नाची तारीख ठरल्यासारखे. नवरा धावत वर आला, त्याला वाटलं ती गेली. मी पायपुसणं उचलायला वाकले तर बाबांनी माझा हात धरला. भिंतीला धरून, एक एक गुडघा टेकवत ते खाली बसले आणि त्यांनीच ते उचललं. मी मदत केली नाही. करायची नव्हती, एवढं मला कळलं.

त्यानंतर ती चौदा महिने जगली. पुन्हा भिंतीला डोकं लावून उभी राहिलेली ती मला दिसली नाही. तीन झाकणं रोज. वास यायचा. शेजारणीला मी जाऊन सांगितलं, आजारी आहे, थोडं सांभाळून घ्या. आश्चर्य म्हणजे तिने घेतलं. सुट्टीच्या दिवशी दुपारी मीही त्या दोघांजवळ जमिनीवर बसून तो भात खायची. वाईट लागतो. अगदी वाईट लागतो.

शेवटी तिच्या पोटात पाणी भरलं. डॉक्टरांनी दोनदा काढलं. तिसऱ्यांदा म्हणाले, "अब मत लाओ, भाभी. घर में रहने दो." एका सकाळी बाबांच्या पलंगाखाली तिने श्वास सोडला. सोनिवलीला घरामागे आमचा जमिनीचा एक तुकडा उरला होता, तिथे नवऱ्याने खड्डा खणला. बाबा खुर्चीत बसून कुठे खणायचं ते दाखवत होते.

येताना रिक्षात नवरा म्हणाला, "मध्ये एकदा एवढी सिरियस झाली होती, मग कशी सावरली कोण जाणे."

बाबांनी बाहेर बघत सांगितलं, "औषद लागू पडला."

मी गप्प राहू शकले असते. बाबांनी मला तेवढी जागा करून दिली होती. पण कात्रपच्या सिग्नलला रिक्षा थांबली आणि मी नवऱ्याला म्हटलं, "औषध मी देतच नव्हते पूर्ण," आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.