आठानंतर दहा

जिममध्ये तिला सगळे भोंगाताई म्हणत. तोंडावरच म्हणत, आणि तिलाही त्याचं काही नव्हतं. आवाजच तसा खणखणीत. वजनं आदळत असली तरी तिची मोजणी शेवटच्या चटईपर्यंत ऐकू जायची. घरी मात्र तो आवाज ऐकायला कुणी उरलं नव्हतं. आबा जाऊन दोन वर्षं झाली. त्यांची हातांची खुर्ची अजून खिडकीशीच होती. तिच्यावर ती धुतलेले कपडेसुद्धा ठेवत नसे.

अर्धांगवायूनं वडिलांची उजवी बाजू गेली, तेव्हा तिनं त्यांच्यासाठी खुर्चीतले व्यायाम बसवले. रोज काय जमलं, काय नाही, ते वहीत लिहीत गेली. तीन वर्षांत वही भरली. आबांची जीभही जड झाली होती. आठपर्यंत नीट मोजायचे, नऊवर गाडी अडायची. न-न-न करत चिडायचे, काठी भिरकावायचे. शेवटी तीच म्हणाली, "आबा, नऊला मारा गोळी. आठ झाले की दहा." आजारपणात पहिल्यांदा आबा हसले. मग वहीच्या पानापानावर तेच उतरलं. का, ते मात्र तिनं कुठंच लिहिलं नाही. घरातली गोष्ट, लिहायची कशाला?

ती वही तिच्या हाताखाली शिकणाऱ्या एका पोरीनं मागून नेली. "वाचून आणून देते, ताई." पुढं पोरीनं जिम सोडली, मग फोन उचलणंही सोडलं.

आज ट्रेनर लोकांच्या शिबिरात तीच पोर मॅडम होऊन माइकपुढं उभी होती, आणि चाळीस जणांच्या हातात तिचं कोरं करकरीत पुस्तक. भोंगाताईनं पान उलटलं. 'पाय उचलताना पायाकडे बघू नका, तो लाजतो.' हे तर ती आबांना म्हणायची! पुढचं पान, त्याच्या पुढचं. वाक्यन् वाक्य तिचं.

"आठानंतर थेट दहा," मॅडम सांगत होत्या. "नववा आकडा स्नायूंच्या विश्रांतीचा. ही माझी खास पद्धत."

चाळीस जणांनी मान डोलावून लिहून घेतलं.

चहाच्या सुट्टीत ताईनं तिला गाठलं. "माझी वही?"

"कुठली वही, ताई? आणि व्यायाम काय कुणाच्या बापाचे असतात?"

"हे होते."

पोरीनं कप बशीवर आदळला. "मग सांगा की सगळ्यांना. कोण ऐकतंय बघू."

दुपारी सरावासाठी खुर्च्या मांडल्या. आयोजक लांबूनच ओरडले, "भोंगाताई, तुम्ही असताना मोजायला माइक कशाला?"

ती उभी राहिली. पाच, सहा, सात, आठ. ती थबकली, आणि चाळीस घसे एकदम गरजले, "दहा!"

आबांचं अडखळणं आता जिमजिममध्ये जाणार, आणि आबा कुणालाच ठाऊक नसणार.

"नऊ," ती म्हणाली.

"ताई चुकल्या!" कुणीतरी हसलं.

"चुकले नाही. माझ्या वडिलांना नऊ म्हणता यायचं नाही, म्हणून मी तो गाळला. विश्रांती कसली डोंबलाची! तुमच्या म्हाताऱ्यांना येत असेल तर म्हणू द्या."

आयोजक मॅडमकडे वळले, "का हो?" पोर पुस्तकाची पानं चाळत राहिली. त्यात ते कारण नव्हतंच.

"परत मोजा, ताई," मागून एक जण म्हणाला. "नऊ धरून."

तिनं मोजलं. चाळीस जण नऊ म्हणाले, अगदी सहज, न अडखळता.

संध्याकाळी आयोजकांनी पुस्तकांचे गठ्ठे गुपचूप आवरले. लोक ताईला वाट देत होते, बाजूला होत होते. सोबत कुणी आलं नाही.

घरचा जिना सतरा पायऱ्यांचा. कठड्याला धरून ती चढू लागली. सात, आठ, दहा. दाराशी पोचली तेव्हा अठरा झाल्या होत्या.