मामांच्या चुलवाणाचा धूर

माझा स्वभाव तापट. आई म्हणते, दुधाच्या आधी हीच उतू जाते. आणि असल्या बाईच्या नशिबी काम आलं ते निव्वळ वाट बघायचं: प्लॅस्टिकच्या पातळ पडद्यावर स्फटिक वाढवायचं.

पडदा तळहाताएवढा, त्याला डोळ्यांना न दिसणारी भोकं. एका बाजूनं जस्ताचं पाणी लावायचं, दुसऱ्या बाजूनं एक सेंद्रिय रसायन. दोन्ही त्या भोकांत भेटतात आणि तिथं स्फटिकांची जाळी धरते. जाळीतून कार्बन डायऑक्साइड पलीकडे जातो, नायट्रोजन बराचसा अलीकडेच राहतो. चिमणीच्या धुरातून कार्बन वेगळा काढायचा तर असा पडदा पाहिजे. काम विरजण लावल्यासारखं. भांडं मध्येच हललं की गेलं. शिवाय प्लॅस्टिक वाकतं, जाळी वाकत नाही, तडकते. पुण्याच्या प्रयोगशाळेत वर्षभर मी तडकलेलेच पडदे काढले. शेवटी एक, फक्त एक, धड निघाला.

सर म्हणाले, "सिलिंडरमधला वायू पुरे झाला. खऱ्या धुरात दिवसभर चालवून दाखव. नाही टिकला, तर हा विषय इथंच थांबवू."

खरा धूर म्हटल्यावर मला मामाच आठवले. दौंड तालुक्यात त्यांचं गुऱ्हाळ आहे. फोनवर त्यांना सगळं सांगितलं, पंप आणि मीटर आधी पोचवलं, कवठ्याला आईकडे जाऊन आले, आणि शिरूरहून चौफुल्याच्या एसटीत पडद्याचा डबा मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या मावशींनी विचारलं, "अंडी हायेत का गं?" म्हटलं, "त्याहून नाजूक." मग त्यांनी कंडक्टरलासुद्धा माझ्या अंगावरून तिकीट देऊ दिलं नाही.

मी पाया पडायला वाकले तर मामा दोन हात मागं सरले. आमच्यात भाचीनं मामाच्या पाया पडायचं नसतं. उलट तेच माझ्या पायांना हात लावतात. "काय लागंल ते सांग," म्हणाले. मी म्हटलं, फक्त धूर.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमणीला भोक पाडून नळी बसवली. धूर आधी पाण्याच्या बाटलीतून, मग कापसातून, मग पडद्याकडे, आणि पलीकडे कार्बन मोजणारं मीटर. मोठ्या काहिलीत उसाचा रस पडला, खाली चुलवाण पेटलं, मी पंप चालू केला. आकडा हलेना. नऊ वाजले, दहा वाजले. सगळे जोड पुन्हा आवळून बघितले. काही नाही. पडदा गेला, असंच मी धरून चालले. चिपाडाच्या ढिगामागं जाऊन रडले, खोटं कशाला सांगू.

रडून झाल्यावर डोकं जागेवर आलं. मी फक्त पडद्यापलीकडचा आकडा बघत होते. येणारा धूर मोजलाच नव्हता. पहिल्या वर्षाची पोरंही असली चूक करत नाहीत. तिकडं मीटर लावलं, तर साध्या हवेपेक्षा थोडंसंच जास्त. वर बघितलं. चिमणीतून धूर असा निघतच नव्हता. खाली चुलवाणाशी उत्तर प्रदेशचा गडी दोन-दोन चिपाडं आत सारत होता. विचारलं तर म्हणाला, "मालिक बोले, धुआँ मत करना. दीदी का मशीन खराब होगा."

झालं, माझा पारा चढला. सगळ्यांसमोर मामांना बोलले. "धूर पाहिजे म्हणूनच आले ना मी? तुम्हाला कुणी सांगितला होता हा शहाणपणा? माझा दिवस वाया घालवलात."

मामा एवढंच म्हणाले, "मला वाटलं, तुज्या वस्तूला काळं लागाया नगं." आणि बाह्या वर सारून स्वतःच चुलवाणाच्या तोंडाशी बसले. चिपाडाचे भारे आत गेले, चिमणी भकाभका धूर ओकायला लागली, आणि आकडा चढला. चढला तो खाली आलाच नाही. दुपारचं जेवण झालं, दोनदा चहा झाला, दिवस कलला, तरी पडदा टिकून होता. सरांना फोन केला. ते म्हणाले, "चालू ठेव काम." मला इतकं हलकं वाटलं की त्या गड्यालाही मी थँक्यू म्हणून टाकलं.

सामान आवरताना गूळ थंड करायच्या वाफ्याकडे नजर गेली. सकाळच्या काहिलीचा गूळ कडेला काढून ठेवला होता, काळपट, चिकट, न बसलेला. मंद जाळावर रस तासन् तास रेंगाळला की गूळ बसत नाही, हे मलाही ठाऊक होतं; शाळेच्या सुट्ट्या इथंच गेल्या होत्या. मग मामांना ठाऊक नसेल? अख्खी काहील त्यांनी जाणूनबुजून घालवली होती.

"मामा, हे काय केलंत?"

ते नळावर हात धूत होते. "आगं, गूळ उद्या परत हुईल. तुजं ते येकच हाय म्हनलीस ना फोनवर."

सकाळी त्यांना बोललेला एकेक शब्द मला आठवला आणि लाज वाटली. मामा ओले हात पुढं करून म्हणाले, "तेवढा टावेल दे की."