दरखास्त कुणाची

आई किंवा बाप बोलायला लागला की टीचर उजव्या हाताचा पंजा वर करायच्या. नजर कॉम्प्युटरवरच असायची, चेहऱ्यावर राग नसायचा, फक्त पंजा वर. "दरखास्त कुणाची आहे? तुमची का लेकराची?" लेकराची, असं आईबापानं कबूल केलं की पंजा खाली यायचा. "मग लेकरू बोलेल. तुम्ही पंख्याखाली बसा."

पंख्याखाली एक लाकडी बाक होता. हैदराबादच्या नारायणगुड्यातले वकील, डॉक्टर, किराणावाले, सगळे त्या बाकावर गप्प बसलेले मी पाहिले आहेत. पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात ज्याची हयात गेली आणि ज्याला घरात कुणी गप्प बसवू शकलं नाही, असा मीही तिथे बसलो आहे.

त्यांचं नाव सांगत नाही. त्यांना ते आवडलं नसतं आणि तसंही ते कुणी घेत नसे. मराठी लोक टीचर म्हणायचे, तेलुगू लोक टीचरम्मा. खाली बांगड्यांचं दुकान, वर पहिल्या मजल्यावर त्यांची खोली. पूर्वी तिथे त्या टायपिंग शिकवायच्या. टायपिंग शिकणारी पोरं संपली, टाइपरायटर भंगारात गेले, मग दोन कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर घेऊन टीचर कॉलेजप्रवेशाचे फॉर्म भरून द्यायला लागल्या. कीबोर्डवरही दहा बोटांनी टाइपरायटरसारखंच तडातडा बडवायच्या. ओळ संपली की डावा हात नकळत वर उठायचा, नसलेला दांडा ढकलायला. घराणं निजामाच्या काळापासून सरकारी नोकरीतलं, त्यामुळे फॉर्मला त्या दरखास्तच म्हणायच्या आणि सहीला दस्तखत.

तुमच्याही गावात असं एखादं माणूस असेल. इंटरचे, म्हणजे बारावीचे निकाल लागले की अख्खी गल्ली ज्याच्या दारात उभी असते आणि एरवी ज्याची कुणाला आठवण नसते.

टीचर खोटं एक अक्षर टाइप करायच्या नाहीत. एका मुलानं छंद म्हणून 'वाचन' लिहायला सांगितलं. टीचरांनी विचारलं, "शेवटचं पुस्तक कोणतं वाचलंस?" पोरगा छताकडे बघायला लागला. "खरं काय आवडतं?" तो म्हणाला, "टीचरम्मा, सोना." त्यांनी 'झोप' लिहिलं नाही, पण 'वाचन'ही लिहिलं नाही. अर्धा तास बोलून त्यानं कबूतरं पाळली आहेत हे काढून घेतलं आणि ते लिहिलं. बाप बाकावर चुळबुळत होता. त्या मुलाला बंगळुरूच्या कॉलेजात मुलाखतीत फक्त कबूतरांबद्दलच विचारलं, म्हणे.

माझीही फजिती तिथेच झाली. माझ्या लेकीचा, मधुराचा, पुण्याच्या एका कॉलेजचा फॉर्म भरताना मी बाकावरून ऐटीत म्हणालो, "होम स्टेट महाराष्ट्र टाका. आम्ही नांदेडकडचे."

पंजा वर झाला नाही. टीचर चष्म्यावरून बघत राहिल्या. "मधुराचे बाबा, नांदेडहून कोण आलं होतं?"

"आजोबा."

"पोरीनं नांदेड बघितलंय का?"

"हो, मावशीच्या लग्नाला गेली होती की."

"लग्नाला गेल्यानं होम स्टेट होत नाही." आणि त्यांनी तेलंगणा टाइप केलं. पुढे यादी लागली तेव्हा आमची पोरगी पुण्याच्या कॉलेजात 'महाराष्ट्राबाहेरील' या रकान्यात, बिहार आणि आसामच्या पोरांशेजारी. हैदराबादेत आम्ही महाराष्ट्रवाले आणि महाराष्ट्रात हैदराबादवाले. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. टीचर म्हणाल्या, "त्यात काय एवढं. आपण दोन्हीकडचे पाहुणे."

त्यांची आणखी एक पद्धत होती. प्रत्येक फॉर्मवर मोबाइल नंबर त्या स्वतःचा टाकायच्या आणि ईमेलही स्वतःचाच. कुणाला विचारायच्या नाहीत. मे-जूनमध्ये शे-दीडशे पोरांचे निरोप त्यांच्या एकाच फोनवर यायचे. माझ्या पुतण्याच्या लग्नात भटजी मंगलाष्टकं म्हणत होते, सगळे अक्षता घेऊन उभे, आणि टीचर मांडवाच्या कडेला फोन कानाला लावून कुणाला तरी ओटीपी सांगत होत्या. "नाल्गु... एडू... नाल्गु... अरे बाबा, नऊ नाही, तोम्मिदी नाही, एडू!" त्यांचे चार-सात-चार आणि भटजींचं सावधान एकाच वेळी संपलं. अक्षता त्यांनी फोनवरच टाकल्या.

ओटीपी फोनवर, पण निकाल नाही. निकाल त्या कधी फोनवर सांगायच्या नाहीत. लेकरानं यायचं, खुर्चीवर बसायचं आणि स्वतःच्या डोळ्यांनी पडद्यावर वाचायचं. आईबापानं फोन केला तर उत्तर एकच, "लेकराला पाठवा."

आता माझ्या लेकीचं सांगतो. मधुराला फिजिक्स शिकायचं होतं. आमच्या शहरात इंजिनिअरिंग नको म्हणणाऱ्या मुलाची लोक आधी तब्येत विचारतात. तिनं बंगालमधल्या एका विज्ञानसंस्थेत अर्ज केला होता. परराज्यातल्या मोजक्या मुलांना तिथे पूर्ण शिष्यवृत्ती मिळते, राहणं-जेवण सगळं त्यात. ती मिळाली तरच जाणं शक्य होतं. पुण्यात शेवटी नंबर लागला नाही, पण इकडे हैदराबादेत एका इंजिनिअरिंग कॉलेजात तिला जागा मिळाली होती. हिमायतनगरच्या आमच्या घरापासून बसनं चाळीस मिनिटं. संध्याकाळी लेक घरी.

बंगालच्या पहिल्या यादीत तिचं नाव नव्हतं, प्रतीक्षायादीत होतं. ती रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मनातून मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण तसं झालं होतं खरं.

इंटरनंतरचा प्रवेश होईपर्यंत मुलीला मोबाइल नाही, असा आमच्या घरचा नियम होता. त्यामुळे ती रोज संध्याकाळी चालत टीचरांकडे जायची. "टीचर, कुछ आया?"

"नाही गं माय. परेशान नको होऊ. आलं की मी आहे."

दुसरी यादी गेली. मी म्हणालो, "पुरे आता. उगीच हेलपाटे नकोत. इथली जागा धरू." तिनं जाणं बंद केलं. पुस्तकं कपाटाच्या वर टाकली आणि दिवसभर कपड्यांच्या घड्या घालत बसायला लागली. घड्या घातलेल्या कपड्यांच्या पुन्हा घड्या घालायची. ते मला दिसत होतं.

एका बुधवारी दुपारी ऑफिसात टीचरांचा फोन आला. "मधुराला पाठवा."

"आलं का?"

"लेकराला पाठवा, मधुराचे बाबा."

मी समजलो. नाव आलं की दोन दिवसांत होकार कळवायचा, नाहीतर जागा पुढच्या मुलाला जाते, हे मला माहीत होतं. म्हणजे शुक्रवार संध्याकाळपर्यंत. मी घरी गेलो. बायको त्या आठवड्यात माहेरी गेली होती. मधुरानं खिचडी केली होती. आम्ही दोघं जेवलो. मी तिला काही सांगितलं नाही.

गुरुवारी ऑफिस सुटल्यावर मी एकटाच टीचरांकडे गेलो. गर्दी होती. ती ओसरेपर्यंत बाकावर बसलो. मग म्हणालो, "टीचर, एक विनंती आहे. एकुलती एक पोरगी. इतकं लांब. तिकडची भाषा वेगळी, जेवण वेगळं. तो निरोप शनिवारी आला असं समजा. इथे तिचं काही वाईट होणार नाही."

त्यांचा कीबोर्ड थांबला. त्या म्हणाल्या, "मी सगळ्या दरखास्तींवर माझा नंबर कशाला टाकते, सांगा बरं."

"लोकांची सिमं बदलतात म्हणून."

"सिमं बदलतात, ते खरंच आहे. पण पत्र आलं की घरं त्याहून जास्त बदलतात." त्यांनी माठातलं पाणी आणून माझ्या हातात दिलं. "प्या. जावा घरी. तुम्हीच सांगा तिला, माझ्यापेक्षा तुम्ही सांगितलेलं तिला आवडेल."

त्यांच्या स्वतःच्या वाट्याला कधी असं पत्र आलं होतं का, कुणी ते दडवलं होतं का, मला माहीत नाही. विचारायची छाती झाली नाही. त्यांनी लग्न केलं नव्हतं, शिक्षण इंटरपर्यंत. बाकीचं तुम्ही ठरवा, मी ठरवलेलं नाही.

मी पाणी प्यायलो, घरी गेलो आणि तरीही सांगितलं नाही. शुक्रवारी सकाळी डबा घेऊन ऑफिसात गेलो. दिवसभर एका बंधाऱ्याचा नकाशा समोर होता. एक रेघ ओढली नाही.

मधल्या वेळेत काय झालं ते मला खालच्या मजल्यावरच्या बाईंनी सांगितलं. ऐन हंगामात खोलीला कुलूप घालून टीचर आमच्या गल्लीत आल्या. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि टीचरांचे गुडघे गेलेले. दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर दहा मिनिटं दम खात बसल्या होत्या. बाईंनी पाणी विचारलं तर म्हणाल्या, "आत्ता नक्को, मुदत पाचपर्यंत आहे."

संध्याकाळी मी दार वाजवलं तेव्हा मधुरा माझ्या गळ्यात पडली. टीचरांच्या फोनवरून तिनं होकार कळवून टाकला होता. मी म्हणालो, "चांगलं झालं, बेटा." टीचर तिला काय म्हणाल्या, हे मी विचारलं नाही. भीती वाटत होती. लेकीच्या डोळ्यांत राग शोधत होतो, तो दिसला नाही. मग दोन आठवड्यांनी मीच तिला होस्टेलवर सोडून आलो.

त्यानंतर बरेच दिवस मी नारायणगुड्याला गेलो की समोरच्या फुटपाथवरून चालायचो. एकदा वरून हाक आली. गॅलरीत टीचर उभ्या होत्या. "मधुराचे बाबा, पोरगी जेवते ना नीट?" अख्ख्या रस्त्यानं ऐकलं. मी वर गेलो. त्यांनी चहा मागवला आणि मग तासभर मला एका पोराचा फॉर्म वाचून दाखवत बसल्या, त्यानं आडनावाच्या जागी गावाचं नाव लिहिलं होतं म्हणून. त्या शुक्रवारचा विषय त्यांनी काढला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही कधी नाही.

मागच्या थंडीत त्यांच्या छातीत कफ धरला. विद्यानगरला भाचीच्या घरी होत्या. मी भेटायला गेलो, माफी मागायचीच असं ठरवून. "टीचर, त्या शुक्रवारी मी..." एवढंच बोललो. त्या म्हणाल्या, "कितव्या वर्षाला आहे आता?" मी म्हणालो, चौथ्या. "म्हणजे पुढची दरखास्त आली," असं म्हणून त्यांनी डोळे मिटले. चार दिवसांनी त्या गेल्या. स्मशानात आईबाप कमी होते, पंचविशीच्या आतली पोरंच जास्त. मराठी, तेलुगू, उर्दू बोलणारी.

भाचीनं त्यांचा फोन बंद केला नाही. कुणाकुणाचे निरोप येत राहिले आणि ती नावं शोधून त्या त्या लेकराला बोलावत राहिली. पद्धत त्यांचीच, फोनवर निकाल सांगत नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मधुरा आली. आम्ही दोघं विद्यानगरला भाचीला भेटायला गेलो. परत येताना आम्ही रिक्षा केली. रिक्षात मधुरा म्हणाली, "बाबा, टीचर घरी आल्या होत्या ना, त्या फ्रायडेला. मी पहिलं हेच विचारलं, बाबांना माहीत आहे का. तर त्या हसल्या. बोले, तुझ्या बाबांनीच तर पाठवलं मला. त्यांना ऑफिसातून येता येत नाही, म्हणाले, तुम्ही जाऊन सांगा, पोरीला लवकर कळू दे." पुढे म्हणाली, "तिकडे फर्स्ट इयरला लई रडू यायचं. तेव्हा मी हेच आठवायची. की मी जायला तुम्हाला नको होतं, तरी तुम्ही पाठवलं."

रिक्षा सिग्नलला थांबली होती. तिथे मला बोलता आलं असतं. मी तिचा हात धरला आणि "हं" म्हणालो.

मधुरा आता परत गेली आहे. तिचं शिक्षण इंग्रजीत झालं. हिंदीमुळे अक्षरं ओळखते, पण मराठी वाचताना बोट ठेवून वाचते आणि ळ आला की अडखळते. एक पान वाचायला तिला अर्धा तास लागतो. हे छापून आलं की तिला पाठवणार आहे. ती फोन करून म्हणेल, बाबा, तुम्हीच वाचून दाखवा ना. मी नाही वाचणार. तिचं तिनंच वाचायचं आहे.

मधुरा, टीचरांना मी पाठवलं नव्हतं. मी त्यांना अडवायला गेलो होतो.