कुंदाताईंचं वाळवण

वाघिणीची विष्ठा मी एकदा फिनाईल ओतून धुतली आणि वर माकडांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तेव्हा मी नुकतीच आजी झाले होते; अक्कल तेवढी यायची होती. बेसातल्या आमच्या कॉलनीत, इमारतीच्या सामाईक गच्चीवर, माझ्या कुरडयांपासून हातभरावर घाण! मला माकडंच सुचली.

ती घाण म्हणजे वरच्या मजल्यावरच्या कुंदाताईंचं वाळवण होतं. प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या, तरी कुठलं जनावर रानात काय खातं हा नाद सुटला नव्हता. वाळल्या विष्ठेतले केस सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे, की शिकार कळते. "वाघ तोंडानं सांगत नाही वं, मागून सांगते," म्हणायच्या. कॉलनीतल्या पोरांनी विचारलं, ऑस्ट्रेलियातली ती कांगारूसारखी वॅलबी काय खाते? "पुस्तकात गवत अन् पाला लिहून आहे. मी तिची लेंडी पाहिली नाही, म्हणून शपथ घेत नाही."

फिनाईलच्या त्या दिवशी मात्र गोष्ट हसण्यावारी नव्हती. उमरेडकडच्या एका गावातून बकऱ्या नाहीशा होत होत्या. वाघीण चटावली, तिला धरून पिंजऱ्यात घाला, असा गावाचा हट्ट. ती बकऱ्या खाते की नाही, याचा तिथल्या रानातून आणलेला पुरावाच मी गच्चीच्या पाइपातून खाली सोडला होता.

मला वाटलं, आता ताई मला खातात. त्यांनी एवढंच विचारलं, "काहून धुतलं वं?" आणि माझी चहाची गाळणी उचलून खाली धावल्या. साठी उलटलेली बाई पदर खोचून नालीच्या जाळीशी उकिडवी बसली, एकेक केस वेचू लागली. मी रडकुंडीला आले. "रडून नको राहू. केस सुटे व्हायले हे धुवायचंच होतं. फिनाईल तेवढं जास्त झालं."

पुढं गावात मीही गेले. ताईंनी पारावर सूक्ष्मदर्शक मांडला, गावातल्याच बकऱ्यांचे केस मागवले आणि एकेकाला ते आणि विष्ठेतले, असे दोन्ही केस बघायला लावले. एक म्हातारा उसळला, "मंग माह्या बकऱ्या कोनं नेल्या, बाई?"

"ते मले माहीत नाही, दादा. बिबट असंन, चोर असंन. हिच्या पोटातून रानडुक्कर अन् चितळ निघालं, तेवढंच सांगतो."

म्हाताऱ्यानं पुन्हा डोळा लावला. दोन्ही केस ताडून पाहिले. मग म्हणाला, "राहू द्या तिले."

परतीच्या एसटीत ताई माझ्या कानाशी लागल्या: "जाळीत एक मेंदी लावलेला लांब केसही होता वं, तुहाच. मी तो गुपचूप काढून टाकला. नाही तर गावानं आज तिले नरभक्षक ठरवलं असतं."