तीनशे बारा पत्ते

चष्म्याच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत आत्याचं वाचनालय होतं. दृष्टी गेलेल्यांसाठी ती पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. खिडकीला जाड चादर अडकवलेली, आणि पान उलटताना ती श्वाससुद्धा रोखायची. नव्या पुस्तकांची ईमेल दर महिन्याला हजारभर श्रोत्यांना जायची. आत्या तिला पत्रच म्हणायची.

एका वर्षी उत्तरं येईनाशी झाली. वाचनालयाचे विश्वस्त म्हणाले, "ताई, कुणी ऐकतच नसेल तर खोल्या कशाला अडवायच्या? पुढच्या बैठकीत ठरवू."

त्याच आठवड्यात एका जुन्या श्रोत्याचा, पियानो दुरुस्त करणाऱ्या काकांचा, फोन आला. "कुलूप लावलंत की काय? चार महिने पत्र नाही!"

"अहो, पाठवतेय की!"

त्यांच्या सुनेने शोधलं. चारही पत्रं स्पॅममध्ये, लॉटरीच्या थापांशेजारी गुमान बसलेली.

माझा दादा मेलचीच कामं करायचा. पत्र खरोखर वाचनालयाचंच आहे, हे मेल कंपन्यांना ओळखता यावं अशी खूण त्याने दुपारभरात बसवली. मग श्रोत्यांची यादी पाहून कपाळाला हात लावला.

"आत्या, यातले तीनशे बारा पत्ते मेलेत. तू दर महिन्याला बंद घरांत पत्रं टाकतेस. मेल कंपन्यांना वाटतं, बाई भामटी दिसते."

"मेलेत ते मला नको सांगूस. कितीतरी घरी मी भेटून आलेय."

"मग नावं काढली का नाहीस?"

"माणूस गेला की लगेच खोडायचं होय रे?"

"आणि जे आहेत त्यांना तुझं पत्र पोचत नाही, त्याचं काय?"

आत्याने यादी पुढे ओढली.

दोन दिवस ती नावं काढत होती. "यांना हेरकथा लागायच्या." "या बाई पुस्तक अर्ध्यात सोडून गेल्या." दादाला तिने खोडायच्या बटणाला हात लावू दिला नाही.

नवं पत्र दादाने आधी नेहमी उत्तर देणाऱ्या वीस जणांना पाठवलं, मग पन्नासांना, मग हळूहळू सगळ्यांना. "ओळखीच्यांनी उघडलं की बाकीची दारं उघडतात," तो म्हणाला.

बैठकीच्या दिवशी आत्याने एक्केचाळीस उत्तरं छापून नेली. सगळ्यांत वरचं होतं: 'तिसरं प्रकरण फार घाईत वाचलंय. पुन्हा वाचावं.'

"ही तर तक्रार आहे," विश्वस्त म्हणाले.

"म्हणजे ऐकलंय," आत्या म्हणाली.

खोल्या पुढे अकरा वर्षं राहिल्या. पुन्हा वाचलेलं ते तिसरं प्रकरण मी अजून कधीतरी लावते. आवाज जरा बसलेला आहे, पण घाई कुठेच नाही.