समासातली पेन्सिल

वाचनालयातून आणलेल्या भयकादंबरीचे समास आधीच्या कुणा वाचकाने पेन्सिलीने भरून ठेवलेत. गढीचं दार वाजलं की शेजारी लिहिलंय, 'वारा आहे.' पायरीवर रक्त दिसलं की, 'कुंकू सांडलंय.' या शहाण्याला विचारलं होतं कुणी? ग्रंथपाल बाईंकडे तक्रार केली, तर म्हणाल्या, "रबर देते, खोडा."

चडफडत खोडत गेले. सातव्या प्रकरणात नायिकेला वाटू लागतं, की दार रोज आपणच वाजवतो आणि विसरतो. तिथे समास कोरा. पुढचीही सगळी पानं कोरी. शहाण्याकडे या भीतीवर उत्तर नव्हतं.

मी रबर बाजूला ठेवलं आणि मागे जाऊन, खोडलेलं 'वारा आहे' अजून वाचता येतंय का ते बघू लागले.